विश्लेषण : मूल खुनी निघाले, तर गुन्हा आईचा? ‘वुई नीड टू टॉक अबाउट केविन’ आजही अस्वस्थ का करतो?

भर रस्त्यात समोरून आलेली एक बाई इव्हाच्या थोबाडीत मारते. जवळून जाणारा माणूस मदतीला धावतो, पण इव्हा त्यालाच थांबवते. चूक माझीच होती, असे सांगून ती निघून जाते. इव्हाने कोणाचाही जीव घेतलेला नाही. जीव घेतले आहेत तिच्या मुलाने. तरीही गाव शिक्षा देते ती आईला, आणि आईही ती मुकाट्याने घेते. ‘वुई नीड टू टॉक अबाउट केविन’ हा २०११ मधील मानसशास्त्रीय थरारपट या एका प्रश्नाभोवती फिरतो. मूल असे का झाले? आणि त्याचा हिशेब कोणी द्यायचा? चित्रपट पाहून संपल्यावरही हा प्रश्न का सुटत नाही आणि गेल्या काही वर्षांत तो थेट न्यायालयात कसा पोहोचला, याचा हा आढावा. (चित्रपट पाहिलेला नसल्यास पुढे कथेतील महत्त्वाचे तपशील उघड होतात.)

चित्रपटाची कथा काय?

इव्हा ही जगभर भटकून लिहिणारी यशस्वी प्रवासलेखिका. तिचा नवरा फ्रँकलिन छायाचित्रकार. केविन पोटात असल्यापासूनच इव्हा या मातृत्वाबाबत साशंक आहे. जन्मानंतर मूल तिच्याजवळ असले की अखंड रडते. एका प्रसंगात रस्ता फोडणाऱ्या यंत्राशेजारी ती बाबागाडी घेऊन उभी राहते. त्या कर्कश आवाजात रडणे ऐकू येत नाही, एवढाच तिला दिलासा.

केविन उशिरा बोलतो. वय वाढले तरी लंगोट सोडत नाही. आईने मन लावून नकाशांनी सजवलेली खोली रंग उडवून विद्रूप करतो. वडील घरात आले की मात्र तोच मुलगा हसरा आणि लाघवी होतो. एकदा संतापाच्या भरात इव्हा त्याला ढकलते आणि त्याचा हात मोडतो. केविन वडिलांना खोटेच सांगतो की मी पडलो. आईला वाचवणारे हे खोटे पुढे त्याच्या हातातले हत्यार बनते.

पुढे धाकटी बहीण सिलिया जन्मते. तिचा पाळीव प्राणी मरतो, नंतर तिचा एक डोळा जातो. इव्हाला संशय केविनचा. फ्रँकलिनला ती आईची कल्पना वाटते. सोळावा वाढदिवस तोंडावर आलेला असताना केविन शाळेची व्यायामशाळा बाहेरून कुलपे लावून बंद करतो आणि धनुष्यबाणाने मुलांना मारतो. ते धनुष्य त्याला वडिलांनीच भेट दिलेले असते. इव्हा घरी पोहोचते तेव्हा तिला कळते, की केविनने सुरुवात घरापासूनच केली होती. फ्रँकलिन आणि सिलिया दोघेही जिवंत नसतात.

मूळ कादंबरी कोणती? ती पडद्यावर कशी बदलली?

लायनल श्रायव्हर यांची याच नावाची कादंबरी २००३ मध्ये आली. अनेक प्रकाशकांनी ती नाकारली होती. आईला आपल्या मुलाविषयी माया वाटत नाही, असे सांगणारी नायिका वाचकांना रुचणार नाही, ही भीती त्यामागे होती. २००५ मध्ये याच कादंबरीला ब्रिटनमधील ‘ऑरेंज प्राइझ’ मिळाले.

कादंबरीच्या मागे एक ताजी जखम होती. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या गोळीबारात १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले होते. श्रायव्हर यांनी केविनच्या हत्याकांडाची तारीख मुद्दाम त्याच्या १२ दिवस आधीची ठेवली.

कादंबरी पत्ररूप आहे. इव्हा नवऱ्याला पत्रे लिहिते आणि वाचक तिच्या डोक्यातच राहतो. स्कॉटिश दिग्दर्शिका लिन रॅम्से यांनी रोरी स्टुअर्ट किनिअर यांच्यासह पटकथा लिहिताना ही पत्रे पूर्ण वगळली. निवेदनही ठेवले नाही. इव्हा सतत बोलत होती, ती पडद्यावर जवळजवळ गप्प झाली. जे तिला कोणाला सांगता येत नाही, ते टिल्डा स्विंटन यांच्या चेहऱ्यावर वाचायचे, अशी ही मांडणी.

चित्रपट २०११ च्या कान महोत्सवात मुख्य स्पर्धेत होता. त्याच वर्षी लंडन चित्रपट महोत्सवात तो सर्वोत्कृष्ट ठरला आणि स्विंटन यांना युरोपियन फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. कुमारवयीन केविनच्या भूमिकेत एझ्रा मिलर, तर फ्रँकलिनच्या भूमिकेत जॉन सी. रायली आहेत.

रक्त फारसे न दाखवता भीती कशी निर्माण होते?

शाळेतील हत्याकांड रॅम्से जवळजवळ दाखवतच नाहीत. बाणांचा मारा आणि कोसळणारी मुले कॅमेऱ्याच्या बाहेरच राहतात. तरीही चित्रपट लाल रंगाने माखलेला आहे. सुरुवातीलाच स्पेनमधील टोमॅटोच्या उत्सवात इव्हा लाल रसात न्हाऊन निघालेली दिसते. तो तिच्या मुक्त आयुष्याचा आनंदाचा क्षण असतो. पुढच्या काळात कोणीतरी तिच्या घरावर लाल रंग फेकलेला असतो आणि संपूर्ण चित्रपटभर ती तो खरवडत राहते. नखांत, केसांत, हातांवर तो रंग उरतोच.

दुसरे साधन काळाचे. कथा सरळ पुढे जात नाही. हत्याकांडानंतरची एकाकी इव्हा आणि तिच्या आठवणी एकमेकांत मिसळतात. काहीतरी भयंकर घडले आहे, हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते. त्यामुळे लहानग्या केविनचा प्रत्येक हट्ट, प्रत्येक रोखलेली नजर पुढची खूण वाटू लागते. जे घरोघरी दिसते, तेच इथे अंगावर येते.

तिसरे साधन आवाजाचे. बागेत पाणी फवारणाऱ्या यंत्राचा आवाज सुरुवातीपासून कानावर पडतो. तो कुठला, हे शेवटी कळते तेव्हा प्रेक्षक हादरतो. जॉनी ग्रीनवूड यांच्या संगीतासोबत जुनी, गोड, निरागस गाणी वापरली आहेत आणि प्रसंगांशी त्यांचा मेळ न बसणे हेच भयाचे कारण होते.

केविनला नेमके काय झाले आहे?

चित्रपट निदान सांगत नाही. एका प्रसंगात इव्हा त्याला डॉक्टरांकडे नेते, ते तपासतात आणि काही दोष नाही असे सांगतात. स्वमग्नतेचीही लक्षणे नसल्याचे ते म्हणतात. हा तपशील महत्त्वाचा आहे. स्वमग्नता आणि थंड डोक्याने केलेली हिंसा यांचा संबंध जोडणे चुकीचे आहे आणि चित्रपट तो जोडत नाही.

मनोविकारशास्त्रात मुलांच्या अशा वर्तनासाठी ‘कंडक्ट डिसऑर्डर’, म्हणजे वर्तनविकार, ही संज्ञा आहे. माणसांना किंवा प्राण्यांना क्रूरपणे वागवणे, मालमत्तेची नासधूस, सततची फसवणूक आणि नियमांचे गंभीर उल्लंघन दीर्घकाळ दिसत असेल तर तज्ज्ञ हे निदान करतात. २०१३ मध्ये आलेल्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेत त्याला एक उपप्रकार जोडला गेला. पश्चात्ताप नसणे, दुसऱ्याच्या दुःखाची फिकीर नसणे, भावना वरवरच्या असणे ही त्याची लक्षणे. ‘समाजविघातक व्यक्तिमत्त्व’ हे निदान मात्र १८ वर्षांखालील मुलाला लावले जात नाही. कारण मूल अजून घडत असते.

हे जन्मजात की संगोपनातून? जुळ्या मुलांवरील अभ्यासांत भावनाशून्यतेच्या लक्षणांमध्ये आनुवंशिकतेचा मोठा वाटा आढळला आहे. त्याच वेळी घरातील वातावरणाचाही परिणाम होतो. म्हणूनच अशा मुलांच्या उपचारात पालकांना प्रशिक्षण देणे हा मुख्य भाग असतो. पालक दोषी आहेत म्हणून हे प्रशिक्षण दिले जात नाही. मुलासोबत रोज तेच असतात, म्हणून दिले जाते. इव्हा आणि फ्रँकलिनला अशी मदत कधीच मिळत नाही, कारण मदत लागते आहे यावरच घरात एकमत होत नाही.

इव्हाच्या आठवणींवर किती विश्वास ठेवायचा?

चित्रपटाची खरी खोच इथे आहे. आपण जो केविन पाहतो, तो इव्हाला आठवणारा केविन आहे. हत्याकांडानंतर मागे वळून पाहणाऱ्या आईला प्रत्येक जुन्या प्रसंगात दुष्टपणाच दिसणार. लंगोट न सोडणारे मूल खरोखर आईवर सूड उगवत होते, की घाबरलेले होते? सिलियाचा डोळा गेला, त्याला कारण केविन की निव्वळ अपघात? पुरावा कुठेच नाही.

उलट बाजूचीही खूण चित्रपट देतो. एकदा ताप आलेला लहान केविन आईच्या कुशीत शिरतो आणि ती त्याला रॉबिन हूडची गोष्ट वाचून दाखवते. त्या रात्री त्याला वडीलही नको असतात. आई आणि मुलगा यांच्यातला हा बहुधा एकमेव उबदार प्रसंग. आणि त्याच गोष्टीतून धनुष्यबाणाची ओढ सुरू होते. माया आणि विनाश एकाच पुस्तकातून येतात, ही रॅम्से यांची सर्वांत क्रूर कल्पना म्हणावी लागेल.

एका दृश्यात इव्हा पाण्यात चेहरा बुडवते आणि पाण्याखाली तो केविनचा होतो. दोघांचे दिसणे, आखडते हसणे, तुसडेपणा, सगळे सारखे. ‘खाण तशी माती’ ही म्हण इव्हालाही आतून खात असते. मुलात ती स्वतःलाच पाहते आणि म्हणूनच त्याला टाळते.

यात वडील कुठे आहेत?

फ्रँकलिन वाईट माणूस नाही. तो प्रेमळ आहे, मुलासोबत खेळतो. पण बायको जे सांगते ते तो ऐकून घेत नाही. मुलगे असेच असतात, तूच त्याच्यावर रागावतेस, असा त्याचा सूर. बाळंतपणानंतर इव्हा खचलेली आहे, हे प्रेक्षकाला दिसते, तिच्या घरात कोणाला दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक विकाराचा, मुख्यतः नैराश्याचा, त्रास होतो. इव्हाला तो होता का, हे चित्रपट सांगत नाही. पण विचारणारेही कोणी नव्हते, हे नक्की दाखवतो.

‘आपल्याला केविनबद्दल बोलायला हवे’, हा चित्रपटाच्या नावाचा अर्थ. आणि संपूर्ण चित्रपटात नेमके तेच होत नाही. बोलणे टळते, हसण्यावारी जाते किंवा भांडणात संपते. शेवटी नवरा-बायको वेगळे होण्याविषयी बोलतात, तेव्हा ते केविनच्या कानावर पडते. या घरातले एकमेव मोकळे संभाषण चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाला ऐकू जाते.

याआधीच्या ‘भयंकर मुलां’पेक्षा केविन वेगळा कसा?

हॉलीवूडला असे मूल नवे नाही. मात्र तिथे बहुधा उत्तर तयार असते. ‘द बॅड सीड’मध्ये (१९५६) गोड दिसणारी मुलगी खून करते आणि कारण तिच्या रक्तात, म्हणजे खुनी आजीत, सापडते. ‘रोझमेरीज बेबी’ (१९६८), ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) आणि ‘द ओमेन’मध्ये (१९७६) दोष सैतानाचा. सैतान सापडला की आई सुटते, समाजही सुटतो.

केविनच्या कथेत सैतान नाही, वाईट वंश नाही, गरिबी नाही, घरात मारहाणीचे वातावरण नाही. मोठे घर, शिकलेले पालक, चांगली शाळा, सगळे आहे. नंतर ऑस्ट्रेलियाच्या जेनिफर केंट यांच्या ‘द बाबाडूक’मध्येही (२०१४) दमलेली आई आणि न आवरणारा मुलगा दिसले, पण तिथे आईच्या दुःखाला निदान राक्षसाचे रूप मिळाले. इव्हाला तेवढाही आडोसा नाही.

रॅम्से यांचे या विषयाकडे पुन्हा वळणेही लक्षणीय आहे. २०२५ च्या कान महोत्सवात दाखवलेल्या ‘डाय माय लव्ह’मध्ये त्यांनी नव्याने आई झालेल्या आणि मनाने ढासळत चाललेल्या स्त्रीचीच कथा मांडली. त्यात मुख्य भूमिका जेनिफर लॉरेन्सची आहे.

‘दोष आईचा’ हा समज आला कुठून?

संस्कार कमी पडले, असे आपल्याकडे म्हटले जाते तेव्हा बोट बहुतेक वेळा आईकडे असते. पण हा केवळ चारचौघांचा समज नव्हता. एके काळी विज्ञानाच्या नावाखालीही तो खपला. अमेरिकेत स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन करणारे डॉ. लिओ कॅनर यांनी १९४० च्या दशकात अशा मुलांच्या पालकांतील भावनिक थंडपणाकडे लक्ष वेधले. त्यातून ‘रेफ्रिजरेटर मदर’, म्हणजे बर्फासारखी थंड आई, हा शब्दप्रयोग रूढ झाला. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ मधील पुस्तकाने तो घरोघरी पोहोचवला. मूल बोलत नाही, कारण आईने त्याला मनापासून स्वीकारले नाही, असे हजारो मातांना वर्षानुवर्षे ऐकावे लागले.

बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्येच त्याला आव्हान दिले होते. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, ही त्यांची मांडणी पुढे टिकली आणि थंड आईचा सिद्धांत मोडीत निघाला. सिद्धांत गेला, पण सवय राहिली. इव्हाला रस्त्यात बसलेली थप्पड त्या सवयीचीच.

प्रत्यक्षात कायदा काय म्हणतो?

चित्रपटातील प्रश्न दहा वर्षांनी अमेरिकेतील न्यायालयात उभा राहिला. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी मिशिगनमधील ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये १५ वर्षांच्या विद्यार्थ्याने केलेल्या गोळीबारात चार विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्याचे पालक जेनिफर आणि जेम्स क्रम्बली यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आई आणि मार्चमध्ये वडील दोषी ठरले. दोघांनाही १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. शाळेतील सामूहिक हत्याकांडासाठी पालक अशा प्रकारे दोषी ठरण्याची अमेरिकेतील ही पहिली वेळ.

इथे एक फरक नीट पाहायला हवा. क्रम्बली दाम्पत्याला मुलावर प्रेम नव्हते म्हणून शिक्षा झाली नाही. गोळीबाराच्या चार दिवस आधी वडिलांनी पिस्तूल विकत घेतले होते. घटनेच्या सकाळीच मुलाने गणिताच्या कागदावर हिंसक चित्र काढल्याने शाळेने पालकांना बोलावले होते. त्यांनी मुलाला घरी नेले नाही आणि घरात शस्त्र असल्याचे सांगितलेही नाही. न्यायालयाने मोजले ते समोर दिसणाऱ्या धोक्याकडे केलेले दुर्लक्ष आणि मोकळे सोडलेले शस्त्र. मायेचे मोजमाप कायदा करत नाही, ते समाज करतो.

दुसरे उदाहरण कोलंबाइनचेच. हल्लेखोरांपैकी एकाची आई सू क्लेबोल्ड यांनी २०१६ मध्ये पुस्तक लिहिले. मुलावर त्यांची माया होती, घर नीटनेटके होते, तरीही त्याच्या मनात काय चालले आहे हे त्यांना कळले नव्हते. इव्हाला संशय होता आणि तिचे कोणी ऐकले नाही. क्लेबोल्ड यांना संशयच आला नाही. दोघींच्या वाट्याला प्रश्न मात्र एकच आला : आई असून तुला कळले कसे नाही?

पालकांसाठी यात काय आहे?

हट्टी, चिडखोर किंवा अबोल मूल म्हणजे केविन नव्हे. लक्ष द्यावे लागते ते सतत टिकणाऱ्या, वाढत जाणाऱ्या आणि इतरांना इजा करणाऱ्या वर्तनाकडे. अशा वेळी दोष कोणाचा यावर घरात वाद घालत बसण्यापेक्षा बालमानसोपचारतज्ज्ञांना लवकर भेटणे अधिक उपयोगाचे. भारतात केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. मुलाची काळजी वाटणाऱ्या आईनेच नव्हे, तर स्वतः थकलेल्या आईनेही तिथे बोलायला हरकत नाही.

शेवट काय सांगतो?

हत्याकांडाला दोन वर्षे झालेली असतात. केविनची रवानगी आता मोठ्यांच्या तुरुंगात होणार असते. डोके भादरलेला, पहिल्यांदाच घाबरलेला मुलगा समोर बसलेला असतो. इव्हा त्याला विचारते, का केलेस? उत्तर आपल्याला ठाऊक आहे असे पूर्वी वाटायचे, आता तशी खात्री राहिली नाही, एवढेच तो सांगतो.

त्याआधी एक छोटे दृश्य आहे. आपल्या लहानशा भाड्याच्या घरात इव्हाने एक खोली केविनसाठी तयार ठेवली आहे. ती त्याचे कपडे इस्त्री करून घड्या घालते. ज्या गावात लोक तिच्या दारावर रंग फेकतात, ते गाव सोडून ती जात नाही. भेटीची वेळ संपताना ती त्याला मिठी मारते. मुलगा असा का झाला, याचे उत्तर चित्रपट देत नाही. तो एवढेच दाखवतो, की सोळा वर्षे ज्यावर कोणी बोलले नाही, तो प्रश्न आईने पहिल्यांदा विचारला आणि मुलाने पहिल्यांदा खरे उत्तर दिले. फक्त तोवर फार उशीर झाला होता.